दूध काही उतू जात नाहीये!

बाईचा दिवस घड्याळावर चालतो असं म्हणतात. मला विचाराल तर तो आवाजांवर चालतो. पहाटे नळाला पाणी आल्याची खळखळ, मग कुकरची शिट्टी, दाराची बेल, घंटागाडीचं गाणं, ‘आई, माझा डबा!’, ‘अगं, माझे मोजे कुठायत?’ आणि या सगळ्यांवर कडी करणारा मोबाइल. प्रत्येकाचं म्हणणं एकच, आधी माझ्याकडे बघ. आणि आपण बघतोही. कणकेचे हात तसेच घेऊन दार उघडतो, कोपराने मिक्सर बंद करतो, खांद्यात फोन धरून भाजी परततो.

ही तयारी काही एका दिवसात झालेली नाही, मैत्रिणींनो. ‘एका हाकेत ओ देणारी’ हे मुलीचं केवढं कौतुक असतं आपल्याकडे! भावाला दहा हाका मारल्या तरी ‘खेळतोय, येईल’, आणि आपण तिसऱ्या हाकेला उठलो तर ‘कान फुटले का गं?’ पुढे सासरी तेच. सून कशी, तर चटपटीत. कुणाला वाट बघायला न लावणारी. मी या गुणाला नावं ठेवणार नाही. दूध वर येताना दिसलं की कमिटी नेमून चालत नाही, उठावंच लागतं.

पण आमच्या मंडळाच्या सल्ला केंद्रात मी आठवड्यातून दोन दुपारी बसते. तिथे येणाऱ्या बायकांचं ऐकताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. आपल्या या तत्परतेवर टपून बसलेली माणसं पुष्कळ आहेत. काही फोनच्या पलीकडे, कुठल्या तरी दूरच्या गावात. आणि काही, सांगायला वाईट वाटतं, पण आपल्याच माणसांत.

आमच्या बचत गटात शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. ऐन दिवाळीच्या तोंडावर त्यांना मेसेज आला, ‘मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्याने आज रात्री ९.३० वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. त्वरित खालील नंबरवर संपर्क साधा.’ घरात वीस ब्लाउज शिवायचे पडलेले, मशीन विजेवरचं. त्यांनी लगेच फोन लावला. पलीकडचा माणूस अगदी मऊ बोलणारा. ‘मॅडम, हे एवढं अ‍ॅप घ्या आणि दहा रुपये भरा, म्हणजे रेकॉर्ड अपडेट होईल.’ दहा रुपये भरले आणि पाठोपाठ खात्यातले चौदा हजार गेले. गंमत म्हणा, दुर्दैव म्हणा, बिल भरलेलं होतं. पावती कपाटावरच्या डब्यात होती. ‘पण रात्रीचे साडेनऊ एवढंच डोळ्यांपुढे नाचायला लागलं ताई, डबा आठवलाच नाही,’ असं त्या मला म्हणाल्या. घाई आपल्याकडून नुसते पैसेच काढून घेत नाही, ठाऊक असलेली गोष्टही विसरायला लावते.

आता कायदा काय म्हणतो बघा. वीज कायदा २००३ मधल्या ५६ व्या कलमाप्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर कंपनीला आधी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे खरोखरच बिल थकलं असतं, तरी कंपनीला पंधरा दिवस थांबणं भाग होतं. आणि आपण मात्र साडेनऊच्या आत!

‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द आता पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक झालाय. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार कार्डावर कुणी तरी खातं उघडून काळा पैसा फिरवला, असं सांगत व्हिडिओ कॉलवर एक वर्दीतला माणूस येतो. खोलीचं दार लावून घ्या म्हणतो. फोन ठेवायचा नाही, मुलाला-सुनेला सांगायचं नाही, सांगितलंत तर तेही अडकतील. शहाणीसुरती, शिकलेली, निवृत्त झालेली माणसं त्या फोनसमोर दिवसच्या दिवस बसून राहिली आहेत. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी या प्रकाराबद्दल बोलताना थांबा, विचार करा आणि मग कृती करा, अशा तीन पायऱ्या सांगितल्या होत्या आणि अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही हेही स्पष्ट केलं होतं. तरी पुढच्याच वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दाम्पत्याचे एक कोटीहून अधिक रुपये गेले म्हणून सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्यांना तर चक्क त्याच न्यायालयाचे खोटे आदेश दाखवले होते.

मला यातली पैशांपेक्षा ‘कुणाला सांगायचं नाही’ ही अट जास्त महत्त्वाची वाटते. खरे पोलीस कुणाला अटक करतात तेव्हा त्या व्यक्तीच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. बाईला तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात अटकच करता येत नाही. अगदी अपवाद म्हणून करायचीच, तर दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी आणि सोबत महिला पोलीस अधिकारी लागते. खरी यंत्रणा ‘घरच्यांना कळवा’ म्हणते, खोटी म्हणते ‘दार लावून घ्या’. आमच्या केंद्रात आम्ही बायकांना हीच खूण सांगतो. जो तुम्हाला घाई करतोय, तो तुम्हाला एकटं पाडतोय का, तेवढं बघा.

(यूपीआयबद्दलही एक सांगून ठेवते. पैसे आपल्याकडे येणार असतील तर पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. आणि गेलेच, तर मात्र अजिबात थांबू नका, लाज वाटून घेऊ नका, ताबडतोब १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवता येतात, तिथे मिनिटामिनिटाला किंमत आहे.)

कुणी म्हणेल, हे फसवणुकीचं झालं, पण खरंच संकट आलं तर? तेव्हाही थांबायचं? मी म्हणते, तेव्हा तर नक्कीच, निदान एक श्वासभर. गॅसचा वास आला तर काय करायचं हे आम्ही वस्तीत प्रात्यक्षिक करून शिकवतो. त्यातली पहिली सूचना कोणती? दिवा लावायचा नाही. पंख्याचं बटण दाबायचं नाही, चालू असेल तर बंदसुद्धा करायचं नाही. मग रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड उघडी, सगळ्यांनी बाहेर, आणि बाहेरून १९०६ वर फोन. अंधारात वास आला की बाईचा हात पहिल्यांदा कुठे जातो? दिव्याच्या बटणाकडेच ना! कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचं. साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायची नाही. माणसाला धीर द्यायचा, तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ बोलावून किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठायचा. म्हणजे बघा, जिथे जिवावर बेततं तिथेही पहिला धडा ‘काय करायचं नाही’ हाच आहे.

आणि न थांबल्याने दुसऱ्याचा जीव गेल्याचीही उदाहरणं आपल्याच महाराष्ट्रात आहेत. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पोचल्या होत्या. मंगळवेढ्याकडून आलेल्या, भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने तिथे ठेचून मारलं. त्या अफवा पुढे पाठवणाऱ्यांत आयाही असतील, काळजीपोटीच पाठवलं असेल. ‘सर्व ग्रुपवर लगेच पाठवा’ असं खाली लिहिलेलं असतं ना! त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायचं ठरवलं. आपण थांबत नाही म्हणून यंत्राला थांबवावं लागलं. मी तरी ‘लगेच’ हा शब्द असलेला कुठलाही मेसेज, मग तो रक्तदात्याच्या मागणीचा का असेना, त्यातल्या नंबरावर फोन केल्याशिवाय पुढे ढकलत नाही.

आता जे सांगणार आहे ते सगळ्यात अवघड. कारण इथे पलीकडे चोर नसतो, भाऊ असतो.

आमच्याकडे येणाऱ्या एक बाई, पन्नाशी ओलांडलेल्या. वडील जाऊन वर्ष झालेलं. एका संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन. ‘ताई, उद्या सकाळी नऊला तालुक्याला ये. आधार कार्ड घेऊन ये, दोन फोटो आण. नुसती वारसाची नोंद करायचीय. वकिलाने उद्याचाच टाइम घेतलाय, परत महिनाभर मिळायचा नाही.’ बाईंनी रात्रीच पिशवी भरली. भावाने बोलावलंय, जायलाच हवं. सकाळच्या एस.टी.ला जायच्या आधी सहज म्हणून आमच्या एका कार्यकर्तीला त्यांनी फोन केला, फोटो कुठे काढून मिळतील ते विचारायला. ती म्हणाली, ‘काकू, कागद कसला आहे ते तरी विचारा.’

विचारायचं कसं, हाच प्रश्न. बहीण भावाला कागद मागते म्हणजे अविश्वास दाखवते, असंच आपण शिकलोय. पण बाईंनी धीर केला आणि फोनवर एवढंच म्हणाल्या, ‘अरे, चष्मा बदलायचाय माझा, तिथं गर्दीत वाचता येणार नाही. फोटो काढून पाठव, घरी वाचून येते.’ पलीकडे शांतता. मग ‘तुझा विश्वास नाही का माझ्यावर?’ मग वहिनीचा फोन. मग मावशीचा. दुपारी बारापर्यंत सात फोन झाले. त्या घरीच राहिल्या.

चार दिवसांनी कागद आला. तो वारस नोंदीचा नव्हता. हक्कसोडपत्र होतं. शेतजमीन आणि राहतं घर, दोन्हींतला हिस्सा स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता भावाच्या लाभात सोडल्याचं. आणि खाली सोडून देणाऱ्यांत नावं दोन होती. एक बाईंचं, दुसरं त्यांच्या आईचं. सत्तर पार केलेल्या, त्याच घरात राहणाऱ्या, अंगठा करणाऱ्या आईचं.

हक्कसोडपत्र म्हणजे काय हे इथे सांगायलाच हवं. तो नोंदणीकृत दस्त असतो, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही-अंगठा-फोटोसह होतो. एकदा झाला की ‘मला समजलं नव्हतं’ म्हणून सहज मागे घेता येत नाही. फसवणूक झाली किंवा दबाव होता हे कोर्टात जाऊन सिद्ध करावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं काही नाही. एवढं सगळं मिळायला कितीतरी वर्षं लागली. आणि ते सोडायला? ‘उद्या सकाळी नऊ.’

त्या बाईंचं पुढे काय झालं? सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. त्या वर्षी भाऊ भाऊबिजेला आला नाही. बाई दोन महिने नीट जेवल्या नाहीत, आमच्याकडे येऊन रडल्या. ‘जमीन नको हो मला, माहेर तुटलं तर काय करू?’ हे त्यांचं दुःख खरं होतं, त्यावर आमच्यापैकी कुणाकडे औषध नव्हतं. शेवटी त्यांनी सही केली. स्वतःचा हिस्सा सोडला. मला ते पटलं नव्हतं, मी तसं बोलूनही दाखवलं. पण निर्णय त्यांचा होता, आणि तो कागद वाचून घेतलेला होता. मात्र दस्तातून आईचं नाव काढायला लावलं. ‘माझं मी सोडते, आईचं तिच्या नावावर राहू दे,’ यावर त्या अडून बसल्या. आज आईचं नाव सातबाऱ्यावरही आहे आणि घरावरही. पुढच्या भाऊबिजेला भाऊ आला. वहिनी अजून बोलत नाही म्हणे.

त्या सकाळी एस.टी. पकडली असती तर आईचं नाव संध्याकाळपर्यंत गेलं असतं.

असंच जामीनकीचं. ‘नुसती सही कर गं, हप्ते मी भरतेय ना’ असं जाऊ म्हणते, शेजारीण म्हणते. कर्जदार आणि जामीनदार यांची देणेदारी कायद्याच्या दृष्टीने सारखीच असते, बँक थेट तुमच्या दारात येऊ शकते. विम्याचंही तसंच. मार्च महिना आला की एजंट ‘एकतीस तारीख’ म्हणून मागे लागतो. बरं, घाईत पॉलिसी घेतलीच असेल तर कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत नको म्हणून परत करता येते, कापून घ्यायचा तो खर्च वजा जाता पैसे मिळतात, हे लक्षात असू द्या. मुलीच्या स्थळाचं तर विचारूच नका. ‘त्यांना आजच होकार हवाय, अजून दोन मुली बघायच्यात’ असं मध्यस्थ सांगतो आणि घरदार गडबडतं. ज्यांना आयुष्यभराची सून हवीय, त्यांना आठ दिवस निघत नसतील तर मी म्हणते त्या दोन मुली त्यांनी खुशाल बघाव्यात.

घाईत डोळ्यांना काय होतं याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. अमेरिकेत प्रिन्स्टन इथे डार्ली आणि बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला, १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्यांना भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. काहींना सांगितलं, अजून वेळ आहे, सावकाश जा. त्यांच्यापैकी ६३ टक्के त्या माणसासाठी थांबले. ज्यांना ‘तुला उशीर झालाय’ सांगितलं होतं, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. आणि त्यातल्या काहींचा भाषणाचा विषयच मुळी वाटेतल्या जखमी परक्या माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट हा होता! माणसं वाईट नव्हती, घाईत होती.

मला ही गोष्ट वाचल्यावर आपण बायकाच आठवतो. आपल्या वाटेत कण्हत बसलेली ती व्यक्ती पुष्कळदा आपण स्वतःच असतो. नवऱ्याचा फोन, मुलाचा क्लास, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं ‘लगेच’, आणि स्वतःच्या छातीतली गाठ ‘बघू गणपती झाल्यावर’. आमच्या तपासणी शिबिरात आलेल्या एक बाई पाळीच्या त्रासाने दीड वर्ष अंगावर काढत होत्या, हिमोग्लोबिन सहावर आलेलं. का नाही दाखवलंत? ‘वेळच मिळाला नाही.’ त्या दीड वर्षात घरातल्या कुणाचा एक डबा चुकला नसेल. जिथे थांबू नये तिथे आपण नेमकं थांबतो.

पूर्वी आपल्या आयांकडे एक हुकमी वाक्य असायचं, ‘घरात विचारून सांगते.’ दारावर साड्या घेऊन येणाऱ्यापासून भिशीवालीपर्यंत सगळ्यांना तेच. घरात विचारायचं काही नसलं तरी! आजच्या शिकलेल्या बाईला ते वाक्य कमीपणाचं वाटतं, आणि बरोबरच आहे, स्वतःच्या निर्णयाला कुणाची परवानगी कशाला? पण त्या वाक्यातली सवड आपण त्याच्याबरोबरच टाकून दिली. आमच्या गटात आता आम्ही ते ‘वाचून सांगते’ असं बदलून घेतलंय. दर बैठकीत दोघी उभ्या राहतात, एक घाई करणारी होते, दुसरी ‘वाचून सांगते’ म्हणायचा सराव करते. पहिल्यांदा हसू येतं. मग लक्षात येतं, चार शब्द घाईने कुणी बोललं की आपल्या तोंडून ‘बरं, बरं’ किती पटकन निघतं ते.

गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ आजींना मात्र सरावाची गरज पडली नाही. कुणाचाही अनोळखी फोन आला की त्या म्हणतात, ‘बाळा, माझं दूध उतू चाललंय, दहा मिनिटांनी कर हो,’ आणि ठेवून देतात. गॅसवर दूध असो वा नसो. मी विचारलं, ‘आजी, परत येतो का फोन?’

‘कुठला येतोय! मागच्या महिन्यात तेवढा एकीचा आला. बँकेतून बोलतेय म्हणाली, पेन्शनसाठी हयातीचा दाखला आत्ता फोनवरच देऊन टाका, नंबर सांगा. तिला म्हटलं, अगं, नोव्हेंबर संपायला अजून वीस दिवस आहेत. मी चांगली धडधाकट आहे. बँकेत येऊन दाखवते तुला!’